आजोबांच्या रायफलीला कायद्यात बसण्याची वाट दाखवा

प्रति,
शस्त्रपरवाने देणारे आणि त्यांविषयीचे नियम करणारे जिल्हा, राज्य व केंद्र पातळीवरील सर्व अधिकारी

महोदय,

सविनय नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. महाविद्यालयात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले आहे. आमच्या घरातली एक जुनी शिकारी रायफल दोन वर्षांपासून एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा मालाच्या कोठारात, पडून आहे, आणि ‘ती आता सरकारजमा होईल’ असे गेल्या महिन्यात मला तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितल्यावर कोणीही लेखी दिले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. कोणत्या कचेरीत आणि कोणत्या ठाण्यात हे घडले, ते मी लिहिणार नाही. तिथल्या कोणा एकावर माझा राग नाही, आणि माझ्यासारखी अडकलेली माणसे इतर जिल्ह्यांतही असणार, याची मला खात्री आहे.

ही रायफल माझ्या आजोबांनी १९५६ साली परवान्यावर, पावतीनिशी विकत घेतली. रेमिंग्टन कंपनीची ‘वुड्समास्टर ७४०’ ही जात, जी अमेरिकेत १९५५ साली बाजारात आली. बोअर, म्हणजे नळीचे माप, .३०-०६, मॅगझिन चार काडतुसांचे. ही अर्धस्वयंचलित रायफल आहे, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण सुटलेल्या गोळीमागच्या वायूच्या जोराने रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते आणि पुढचे आपोआप नळीत चढते. १९५६ साली अशी रायफल बाळगणे ही चाकोरीतली गोष्ट होती. पुढे १९५९चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला आणि अर्धस्वयंचलित रायफली प्रतिबंधित वर्गात गेल्या, म्हणजे केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय त्या बाळगता येईनात. आजोबांनी ती परवानगी घेतली, त्यांच्यामागे बाबांनी घेतली, आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आमच्या घरात कधी चुकली नाही. शिकार तर आजोबांनी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या आधीच सोडली होती. त्यानंतर ती रायफल वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कपाटातून बाहेर निघायची. रिकामी आहे ना हे बाबा तीनदा तपासायचे, नळीतून तेलाची चिंधी फिरवायचे, मग पाटावर लाल वस्त्र पसरून ती आडवी ठेवायचे. आई हळदकुंकू वाहायची, झेंडूचा हार दस्त्यावर ठेवायची, आणि हार ओला असला तर तो लोखंडाला लागू नये म्हणून खाली केळीचे पान घालायची. अक्रोडाच्या लाकडाचा तो दस्ता माझ्या हाताला इतका ओळखीचा आहे की त्याच्या डाव्या बाजूची खरचटलेली रेघ मी आजही डोळे मिटून दाखवू शकेन.

बाबा दोन वर्षांपूर्वी वारले. परवाना त्यांच्या नावाचा होता, म्हणून कायद्याप्रमाणे मी तेराव्यानंतरच्या आठवड्यातच रायफल आणि उरलेली काडतुसे स्वतः नेऊन जमा केली. माझ्या भावाने आपला हक्क नसल्याचे शपथपत्र दिले. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मी घेतले, जरी कॉलेजात एनसीसीमध्ये असताना .२२च्या रायफलीने मी बरीच नेमबाजी केली होती. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, तिच्याखाली मी अर्ज केला.

आता मी नेमके काय मागते आहे ते आधीच सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत प्रत्येक खिडकीवर माझे म्हणणे उलटे ऐकले गेले. प्रतिबंधित शस्त्र आहे तसेच माझ्या नावावर करा, असे मी म्हणत नाही. त्या शस्त्राची ताकद कमी करण्याची परवानगी मी मागते आहे. आपोआप काडतूस चढवणारी त्याची क्रिया कायमची बंद करावी, प्रत्येक गोळीनंतर काडतूस नळीत सरकवणारा बोल्ट हाताने ओढावा लागेल असे ते करावे, आणि मग ते अप्रतिबंधित रायफल म्हणून माझ्या परवान्यावर चढवावे, एवढेच माझे मागणे आहे. त्या बोअरवर बंदी नाही. .३०-०६ बोअरची, हाताने बोल्ट ओढण्याची स्पोर्टिंग रायफल तर आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनीच बनवून परवानाधारकांना विकली आहे. म्हणजे आमच्या रायफलीत कायद्याला खुपणारी एकच गोष्ट आहे, आणि ती मी आपणहून सोडायला तयार आहे.

आणि कायद्याला ही कल्पना नवी नाही. डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने कलम ६ मध्ये शब्द घातले आहेत की, शस्त्र नियमांतल्या एका वर्गातले अग्निशस्त्र दुसऱ्या वर्गात बदलायचे असेल तर त्यासाठी परवाना असला पाहिजे. मी गणिताची बाई आहे, व्याख्या वाचून तिचा अर्थ लावण्यातच माझे आयुष्य गेले. ‘परवान्याशिवाय करू नये’ याचा अर्थ ‘परवाना घेऊन करता येते’ असाच होतो, दुसरा होऊ शकत नाही. पण हा परवाना कोण देतो, त्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, काम कोणी करायचे, झाल्यावर ते तपासायचे कोणी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला दोन वर्षांत मिळालेले नाही. एका खिडकीवर सांगितले की हा विषय राज्याचा आहे. राज्याच्या कचेरीत सांगितले की प्रतिबंधित शस्त्र म्हटल्यावर दिल्लीला लिहा. दिल्लीला पाठवलेल्या पत्राचे उत्तर एका ओळीत आले की आपल्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. जिथून निघाले तिथेच परत आले, तेव्हा टेबलामागच्या बाबूंनी, अगदी सहानुभूतीनेच, सांगितले, “मैडम, इसमें कुछ नहीं हो सकता, सरेंडर कर दीजिए.”

ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. परवान्यावाचून हा बदल करणाऱ्याला कायद्यात किमान सात वर्षे कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. बदल न करता, खास परवानगीवाचून शस्त्र घरात ठेवले तर तोही गंभीर गुन्हा. एवढी कडक शिक्षा असण्याला माझा विरोध नाही. ग्वाल्हेर-चंबळच्या मातीत वाढलेल्या माणसाला बंदुकीचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. लग्नाच्या वरातीत हौसेने झाडलेल्या गोळीने माणूस मेल्याच्या बातम्या वाचत मी मोठी झाले, आणि २०१९च्या त्याच दुरुस्तीने अशा हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला तेव्हा मला समाधानच वाटले. पण गुन्ह्याची व्याख्या ज्या बारकाईने लिहिली गेली, त्याच बारकाईने परवान्याची वाटही दाखवली गेली पाहिजे. आमच्या लष्कर भागातल्या एका जुन्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात मी गेले होते. दुकान परवान्याचे, मालक सत्तरीचे. रायफलीचे नाव ऐकूनच त्यांनी सांगितले की काम होण्यासारखे आहे, आणि मग हात जोडून म्हणाले, “ताई, कागद आणा. कागदाशिवाय मी तिला हातसुद्धा लावणार नाही.” त्यांचे बरोबर आहे. पण तो कागद देतो कोण?

दुसरी तक्रार मालखान्याची आहे. रायफल जमा करताना मला जी पावती मिळाली, तिच्यावर ‘एक पुरानी बंदूक’ असे तीन शब्द आहेत. बोअर नाही, कंपनी नाही, आणि रायफलीवर स्पष्ट कोरलेला क्रमांकसुद्धा नाही. मी तिथेच हरकत घेतली, तेव्हा ‘रजिस्टरमध्ये सगळे आहे’ असे सांगण्यात आले. रजिस्टर दाखवले नाही. ज्या शस्त्राच्या ताब्यावरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्याच्या पावतीवर क्रमांक नसावा, याहून धोक्याची गोष्ट कोणती? उद्या तिथून दुसरीच बंदूक बाहेर काढून ‘ही तुमची’ म्हटले तर कागदावर मी काही सिद्ध करू शकणार नाही, आणि आमची रायफल कुठे भलतीकडे गेली तर तुम्हीही काही सिद्ध करू शकणार नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर बऱ्याच विनवण्या केल्यावर मला ती एकदा पाहू दिली. एका लोखंडी मांडणीवर, जप्तीच्या गावठी कट्ट्यांच्या आणि कुऱ्हाडींच्या शेजारी, ती नळी खाली करून भिंतीला टेकवलेली होती. चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावरची शाई ओल लागून पसरली होती. नळीच्या तोंडाशी बाजरीच्या दाण्याएवढे तांबूस ठिपके होते. मी बोट फिरवले तर बोटाला गंज लागला. मी बरोबर तेलाची बाटली आणि मऊ कापड नेले होते. तिथल्या हवालदारांना म्हटले की तुमच्यासमोर पुसते, पाच मिनिटे लागतील. ते म्हणाले की जमा मालाला हात लावता येत नाही. माणूस भला होता, त्यांनी मला पाणी विचारले, खुर्ची दिली, पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता. साठ वर्षांहून अधिक काळ ज्या नळीला आम्ही गंजाचा ठिपका पडू दिला नाही, ती माझ्या डोळ्यांसमोर सडत असताना मी तेलाची बाटली पिशवीत परत घालून घरी आले.

इथे एक कायद्याचीच गोष्ट सांगायला हवी. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. विक्रेत्याकडे ते भाडे देऊन नीट, तेल लावून ठेवता आले असते. ही मुभा मला कोणी सांगितली नाही. मी ती नंतर स्वतः वाचली, आणि तशी विनंती केली तेव्हा ‘प्रतिबंधित आहे, इथेच राहील’ असे उत्तर मिळाले, तेही तोंडीच.

तिसरी तक्रार लिहिताना मला थोडा संकोच होतो, पण लिहिते. माझ्या अर्जावरच्या चौकशीला घरी आलेल्या कर्मचाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला की घरात कोणी पुरुष नाही का, भावाच्या नावाने का नाही करत? वारस या शब्दात मुलगी येते. माझा भाऊ पुण्याला असतो, त्याला शस्त्रात रस नाही, आणि त्याने तसे शपथेवर लिहून दिले आहे. तरीही चौकशी अहवालात ‘अर्जदार महिला असून आवश्यकता दिसत नाही’ असे वाक्य असल्याचे मला नंतर कळले. ‘आवश्यकता’ हा निकष स्त्रियांसाठी वेगळा आहे, असे नियमांत कुठे लिहिले असल्यास मला दाखवावे. हा अहवाल यायलाच सात महिने लागले, आणि पोलिसांचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही तर परवाना अधिकारी त्याच्यासाठी न थांबता निर्णय घेऊ शकतात, ही कायद्यातली तरतूद मी अर्जासोबत लिहून दिली असूनही कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहावे. ब्रिटनमध्ये १९८७च्या हंगरफोर्डच्या हत्याकांडानंतर १९८८च्या कायद्याने हलक्या .२२ रिमफायर काडतुसाच्या रायफली सोडून इतर आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी आली, तेव्हा प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढण्याच्या रूपात त्याच घडणीच्या रायफली नेमबाजांच्या हाती आल्या. जर्मनीत शिकारीसाठीच्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या मॅगझिनवरून २०१६ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा निर्णय आला आणि हजारो परवानाधारक अडचणीत आले, तेव्हा तिथल्या संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून शिकारीत जास्तीत जास्त तीन काडतुसे भरता येतील असे स्पष्ट लिहिले. हे देश शस्त्रांच्या बाबतीत सैल नाहीत. त्यांनी मर्यादा ठरवली, आणि त्या मर्यादेत यायचे कसे तेही सांगितले. आपल्याकडे मर्यादा आहे. आत यायचे दार कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही.

बदल केलेले शस्त्र पुन्हा पूर्ववत करता येईल, अशी शंका एका अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली. शंका रास्त आहे, आणि तिचा विचार मी केला आहे. बदल कायमचा असावा. काम परवानाधारक कारागिराने सरकारी आर्मररच्या, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या व तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या, देखरेखीखाली करावे. काढलेले भाग माझ्या हाती देऊ नयेत, ते पंचनामा करून नष्ट करावेत. रायफलीवर नवा ठसा मारावा, फोटो काढावेत, आणि परवान्याच्या राष्ट्रीय संगणकीय नोंदीत माझ्या ओळख क्रमांकाखाली जुना वर्ग आणि नवा वर्ग दोन्ही लिहावेत. वर्षातून एकदा तपासणीला आणायला सांगितले तर मी आणीन. सगळा खर्च मी देईन. यानंतरही जो कोणी ते पूर्ववत करील त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आजच लिहिलेली आहे.

‘एवढ्या जुन्या बंदुकीसाठी एवढा आटापिटा कशाला’ असे मला घरातल्या माणसांनीही विचारले आहे. मला शिकार करायची नाही, शेतात रोजडे, म्हणजे नीलगायी, मारायची नाहीत, घरात दरारा बसवायचा नाही. परवानगी मिळाली तर वर्षातून एक-दोनदा मान्यताप्राप्त रेंजवर जाईन, एरवी ती कुलपात राहील. पण ती माझ्या वडिलांनी मला सोपवलेली वस्तू आहे. शेवटच्या आजारपणात, हात थरथरत असताना, परवान्याचे पुस्तक माझ्याकडे देताना ते म्हणाले होते, “तारीख चुकवू नकोस.” मी तारीख चुकवली नाही. आमच्या या भागाने १९७२ साली जौऱ्याला बागी माणसांना, म्हणजे चंबळच्या डाकूंना, जयप्रकाश नारायणांच्या साक्षीने, गांधीजींच्या तसबिरीसमोर बंदुका ठेवताना पाहिले आहे. कायद्याकडे परत येऊ पाहणाऱ्या त्या माणसांना तेव्हा राज्याने वाट करून दिली. ज्या घराने कधी कायदा मोडलाच नाही, त्याला मात्र आज वाट विचारत फिरावे लागते आहे, याचे मला दुःख होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. कलम ६ खाली वर्गबदलाचा परवाना कोणी द्यायचा, अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यायचा, शुल्क किती आणि निर्णय किती दिवसांत, हे केंद्राने एका परिपत्रकाने जाहीर करावे आणि ते हिंदी व इंग्रजीबरोबर राज्यांच्या भाषांतही प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्रशाखेबाहेर लावावे. अशा बदलासाठी मान्य कारागीर आणि तपासणारे आर्मरर यांची यादी राज्याने ठरवावी. वारसाचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत शस्त्र सरकारजमा करू नये. जमा केलेल्या प्रत्येक शस्त्राच्या पावतीवर बोअर, कंपनी, क्रमांक आणि स्थिती लिहिणे सक्तीचे करावे, आणि परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची मुभा आहे हे जमा करणाऱ्याला तिथेच लेखी सांगावे. वारस मुलगी असल्यामुळे आवश्यकता नाही, असा शेरा असलेला प्रत्येक चौकशी अहवाल परत पाठवावा. माझ्यापासून सुरुवात करावी. आणि हा बदल कोणत्याही परिस्थितीत करू द्यायचा नाही असेच आपले मत असेल, तर तेही कारणासह लेखी द्यावे, म्हणजे मला पुढे अपील कशाविरुद्ध करायचे ते कळेल.

या सगळ्याला वेळ लागेल हे मला समजते. पण एक गोष्ट आजच करता येईल. पावसाळा तोंडावर आला आहे. मालखान्यातल्या कर्मचाऱ्यासमोर, त्यांच्या हातात रायफल असताना, तिच्या नळीला आणि बोल्टला तेल लावण्याची परवानगी मला लेखी द्यावी. तेल आणि कापड मी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एका दिवंगत परवानाधारकाची मुलगी व वारस
लष्कर, ग्वाल्हेर